सकाळी सप्तपदी, संध्याकाळी चर्च: चालेल का?

वाचक लिहितात: मी २८ वर्षांची, वसईची कॅथलिक. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो हिंदू, घर साताऱ्याकडे, नोकरी पुण्यात. दोन्ही घरांचा होकार आहे, पण आपापल्या अटींसकट. आईपप्पांना लग्न चर्चमध्येच हवंय. सासरचे म्हणतात, सकाळी आमच्याकडे मंगलाष्टका-सप्तपदी होऊ दे, संध्याकाळी तुमचं चर्च. आमच्या फादरांनी दोन लग्नं चालणार नाहीत म्हणून सांगितलं आणि एक फॉर्म दाखवला. त्यात मुलांना बाप्तिस्मा देण्याचं वचन आहे. ते ऐकून होणारे सासरे बिथरलेत. मावशी म्हणते, मुलाला आधी ख्रिस्ती व्हावंच लागेल. मग माझ्या चुलतबहिणीचं लग्न रिसॉर्टच्या लॉनवर कसं झालं? तिचा नवराही हिंदूच, आणि फादर तिथे आले होते. नियम खरंच इतके कडक आहेत, की सगळं फादरच्या मर्जीवर असतं? लग्न फेब्रुवारीत करायचंय. माझे काका दुसऱ्या धर्मप्रांतात (दुसऱ्या बिशपांच्या हद्दीत) फादर आहेत, त्यांनीच लग्न लावावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

उत्तर:

फादरच्या मर्जीवर बरंच काही असतं. क्वायर कोणता, फोटोग्राफरने वेदीच्या किती जवळ यायचं, रविवारी लग्न लावायचं की नाही, फुलांची आरास किती चालेल. या बाबतीत एका चर्चमध्ये एक आणि शेजारच्या चर्चमध्ये दुसरं असं सर्रास दिसतं, आणि त्यावरून लोकांना वाटतं की बाकीचेही नियम असेच वाकत असतील. तुमच्या घरात ज्यांवरून वाद पेटलाय ते नियम मात्र वेगळ्या जातीचे आहेत.

कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३ चा. त्यात लग्नाचे काही नियम असे आहेत की ते मोडले तर लग्न झालंच नाही असं चर्च धरतं, मग हॉलवर पाचशे पानं उठलेली असोत. काही नियम मोडले तर लग्न होतं, फक्त रीत चुकली असं म्हणतात. पहिल्या प्रकारात फादरला काडीचीही सवलत देता येत नाही. त्यातल्या काही नियमांना बिशप लेखी सूट देऊ शकतात, तिलाच सगळे डिस्पेन्सेशन म्हणतात. तुमचं प्रकरण इथे येतं. कॅनन (म्हणजे या कायद्याचं कलम) १०८६ प्रमाणे कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचं लग्न सूट न घेता लावलं तर ते अवैध ठरतं. मुलगा प्रोटेस्टंट असता तर नुसती परवानगी पुरली असती, आणि ती घ्यायची राहून गेली तरी चर्चमध्ये लागलेलं लग्न टिकलं असतं. तो हिंदू असल्यामुळे सूट लागते, आणि ती लग्नाआधीच हातात असावी लागते.

ही सूट मागणं म्हणजे कुणाचे पाय धरणं नव्हे. असे अर्ज बिशपांच्या कार्यालयात नेहमीच येतात. अर्ज तुमच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू पाठवतात, तुम्ही नाही. फाइल पूर्ण असेल तर फार अडत नाही. अडतं ते राहून गेलेल्या कागदांपायी, त्या कागदांकडे शेवटी येऊ.

मावशींना सांगा, धर्मांतर लागत नाही. धर्म न बदलता लग्न करता यावं यासाठीच तर ही सूट आहे. उलट लग्नापुरता बाप्तिस्मा मागणाऱ्याला जाणता फादर स्वतःच थांबवतो, कारण प्रौढाच्या बाप्तिस्म्याआधी बरेच महिने शिक्षण असतं आणि मुळात इच्छा खरी लागते. मावशींच्या डोक्यात जुना काळ असावा. पूर्वी दुसऱ्या धर्माच्या जोडीदारालाही लेखी हमी द्यावी लागायची आणि अशी लग्नं सहसा चर्चमध्ये वेदीसमोर लावत नसत. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी जोडीदाराच्या हमीची अट काढून टाकली.

आता तो फॉर्म. सासऱ्यांनी बहुधा ऐकलंय ते असं, की आमच्या मुलाकडून नातवंडं लिहून घेतायत. तसं काही नाही. वचन तुमचं आहे, सही तुमची आहे. कॅनन ११२५ मध्ये तुमच्याकडून दोन गोष्टी मागितल्यात: तुम्ही स्वतःची श्रद्धा सोडणार नाही, आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून तुमच्याकडून होईल ते सगळं कराल. ‘होईल ते सगळं’ हे शब्द मुद्दाम आहेत. उद्या नवरा ठाम नाही म्हणाला आणि तुमचं काही चाललं नाही, तर लग्न मोडत नाही. मुलाचं काम एवढंच, की हे वचन तुम्ही दिलंय हे त्याला लग्नाआधी माहीत असलं पाहिजे. काही धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) ‘मला कळवलं आहे’ म्हणून त्याची सही घेतात. ती कळल्याची सही आहे, कबुलीची नाही. त्याच्या आईवडिलांना कशावरच सही करायची नसते.

तरीही हे वचन हसण्यावारी नेऊ नका. बिघडतं ते इथेच: मुलगी पॅरिश ऑफिसच्या टेबलावर घाईत सही करते, घरी कुणाला सांगत नाही, आणि पहिल्या बारशाला दोन्ही घरं समोरासमोर येतात. फॉर्मची प्रत मागून घ्या आणि दोघांनी मिळून शांतपणे वाचा. नंतर सासऱ्यांना मुलाने सांगावं, तुम्ही नाही. आणि मनातून हे वचन देणं तुम्हाला जमणारच नसेल तर सही करू नका, फादरशी स्पष्ट बोला. खोट्या वचनावर घेतलेल्या सुटीत दम नसतो.

त्याच कॅननमध्ये तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लग्न म्हणजे काय हे दोघांनाही समजावलेलं असावं लागतं: एकाच जोडीदाराशी, मरेपर्यंत, आणि मुलांना नकार न देता. यातलं काहीही ठरवून वगळलं तर लग्न पोकळ ठरू शकतं. यासाठी फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात आणि उत्तरं लिहून घेतात. कुणाचा दबाव आहे का, आधी लग्न झालं होतं का, मूल नकोच असं ठरवलंय का, लग्नाला काही अट घातली आहे का. मुलाला आधी कल्पना द्या. ‘नाही पटलं तर घटस्फोट आहेच की’ असं वाक्य मित्रांत चालतं, त्या टेबलावर फादर पेन खाली ठेवतात.

आधीच्या लग्नाबद्दल तुमच्या पत्रात काही नाही, म्हणून त्याचं हे पहिलंच लग्न आहे असं आम्ही धरलंय. तसं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच फादरना सांगा. दोन हिंदूंनी आपल्या रीतीने केलेलं लग्नही चर्च खरं लग्न मानतं, आणि न्यायालयाचा घटस्फोट चर्चच्या लेखी ते संपवत नाही. अशा वेळी बिशपांची साधी सूट पुरत नाही. प्रकरण चर्चच्या न्यायाधिकरणाकडे किंवा थेट रोमकडे जातं, आणि तारखेचा भरवसा देता येत नाही.

सकाळी सप्तपदी आणि संध्याकाळी चर्च हे मात्र जमणार नाही. कॅनन ११२७ सांगतो की चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर, लग्नाची संमती देण्यासाठी वा पुन्हा उच्चारण्यासाठी दुसरा धार्मिक विधी करायचा नाही. यामागे हिंदू विधीबद्दल तुच्छता नाही. एकाच माणसाशी एकाच दिवशी दोनदा लग्न लागत नाही, एवढाच अर्थ. पहिल्यात ‘हो’ म्हटलं असेल तर दुसरं नाटक, नाहीतर पहिलं नाटक. सासरच्यांना हे असं सांगितलं तर पटण्याची शक्यता जास्त आहे, कारण सप्तपदी नाटक ठरावी हे त्यांनाही आवडणार नाही.

म्हणजे काय काय करता येतं? हळद, मेंदी, साखरपुडा, घरची पूजा, गोंधळ, गृहप्रवेश, साताऱ्याचं रिसेप्शन यांत लग्नाची संमती नसते, त्यामुळे हा कॅनन यांच्या आड येत नाही. ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मराठी कॅथलिक) घरांत लग्नाआधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणतातच, त्याने चर्चमधल्या लग्नाला बाधा येत नाही. अडचण आहे ती अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी यांची, कारण तिथे लग्न लागतं. पूजेत स्वतः किती सहभागी व्हायचं हा प्रश्न तुमच्या श्रद्धेचा आहे, तो फादरशी बोलून ठरवा. मंगळसूत्र चर्चमध्येच आशीर्वाद देऊन घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. सासूबाईंनी ते वेदीपर्यंत आणून द्यावं असं सुचवून बघा. अर्धा तिढा तिथेच सुटतो.

चर्चमधला विधी तुमच्या बाबतीत सहसा मिस्साविना, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या (कम्युनियन) मुख्य उपासनेविना, होतो: वाचनं, प्रवचन, वचनं, अंगठ्या, प्रार्थना. काही मुलींचे आईवडील यावर रुसतात, ‘आमच्या मुलीला पूर्ण मिस्सा नाही’ म्हणून. पण नवरा आणि त्याच्या बाजूचे सगळे कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहणार, लग्नाच्या दिवशी हे चित्र काही बरं नाही. चर्चच्या विधिग्रंथात अशा लग्नासाठी मिस्साविना वेगळा विधी दिलाय, तोच शोभतो. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. हे लग्न चर्चच्या दृष्टीने पूर्ण खरं आणि बांधून ठेवणारं असतं, पण एकाचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे ते चर्चच्या अर्थाने संस्कार (सॅक्रामेंट) नसतं.

सासरचे विधीवर अडूनच बसले आणि नाती तुटायची वेळ आली, तर दुसरा रस्ता आहे. बिशप चर्चच्या विवाहविधीपासूनच सूट देऊ शकतात. मग लग्न दुसऱ्या सार्वजनिक रीतीने होतं आणि चर्च तेच मानतं. ही वेगळी सूट आहे, वर सांगितलेल्या सुटीच्या जोडीला घ्यायची, आणि कारण गंभीर लागतं. ‘हॉल छान आहे’ हे कारण नव्हे. लग्न कोणत्या विधीने, कुठे आणि कधी होणार हे अर्जात लिहावं लागतं. एकदा तसं लग्न झालं की चर्चमध्ये पुन्हा वचनं घ्यायची नाहीत, फार तर आशीर्वादाची प्रार्थना.

इथे देशाचा कायदा आडवा येतो. हिंदू विवाह कायदा १९५५ हा दोन हिंदूंसाठीच आहे. एक बाजू ख्रिस्ती असताना त्या कायद्याखाली केलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शून्य ठरवलंय. म्हणून वैदिक विधी कितीही साग्रसंगीत झाला तरी तेवढ्याने तुम्ही कायद्याने नवराबायको होत नाही, आणि सरकारी कायदा मानत नाही असं लग्न लावायला फादरलाही बिशपांची खास परवानगी लागते. या रस्त्याने जायचं तर विशेष विवाह कायदा १९५४ खाली निबंधकासमोर लग्न करावंच लागेल. उलट चर्चमध्ये फादरने लावलेल्या लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो, दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी. (गोव्यात पद्धत निराळी आहे, तिथे चर्चच्या आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं. तुमच्याकडे तसं नाही.)

विशेष विवाह कायद्याचं गणित असं: ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस राहतोय तिथे नोटीस द्यायची, नंतर ३० दिवस हरकतींसाठी, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. साक्षीदार तीन. नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, म्हणून नातेवाइकांना आधी तिथून कळू नये याची काळजी घ्या. शिवाय कलम १९: हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. त्याचा हिस्सा जात नाही, पण साताऱ्याला सामाईक शेती असेल तर सासऱ्यांना हे नंतर तलाठ्याकडून कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळू दे, आणि वकिलाला एकदा विचारा.

कुणीतरी तुम्हाला आर्य समाजाचं शुद्धीपत्र घेऊन हिंदू म्हणून लग्न करण्याचा शॉर्टकट सुचवेल. मन नसताना धर्म बदलल्याचा कागद करणं उद्या न्यायालयात अंगाशी येऊ शकतं. चर्चच्या बाजूनेही सुटका नाही: पूर्वी औपचारिकपणे चर्च सोडलेल्याला हे विवाहनियम लागू होत नसत, ती पळवाट २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बंद केली. एकदा कॅथलिक बाप्तिस्मा झाला की हे नियम पाठ सोडत नाहीत.

चुलतबहिणीच्या लॉनचं कोडं सोपं आहे. दोघंही कॅथलिक असतील तर लग्न चर्चमध्येच, दुसरी जागा हवी तर बिशपांची परवानगी. एकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर कॅनन १११८ प्रमाणे लग्न चर्चमध्ये किंवा दुसऱ्या योग्य जागी लावता येतं. तिचा नवरा हिंदू आहे, तेव्हा कायद्याने लॉन बंद नव्हतं. ‘योग्य’ म्हणजे काय हे धर्मप्रांतावर सोडलंय, आणि बरेच बिशप बार आणि स्विमिंग पूलच्या मधली जागा योग्य मानत नाहीत. हा खरोखर ठिकाणाप्रमाणे बदलणारा नियम आहे. तुमच्या फादरांनी नाही म्हटलं तर ते पक्षपात करत नाहीत, आणि चुलतबहिणीच्या फादरांनीही काही मोडलं नाही.

काकांनी लग्न लावणं मात्र दिसतं तितकं साधं नाही, आणि बिशपांची सूट राहून जाण्याखालोखाल सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लग्न लावण्याचा अधिकार त्या जागेच्या बिशपांना आणि प्रमुख धर्मगुरूंना असतो. काका पुरोहित आहेत म्हणून त्यांना तो आपोआप मिळत नाही. तुमच्या प्रमुख धर्मगुरूंनी काकांच्या नावाने, या लग्नासाठी, अधिकार सोपवावा लागतो. तो नसेल तर काकांनी विचारलेली वचनं आणि तुम्ही दिलेली उत्तरं यांनी लग्न होत नाही. ‘हो हो, येऊ देत त्यांना’ असं अंगणात झालेलं बोलणं धरू नका. पत्र करून घ्या आणि ते फाइलला लागलंय हे पाहा. ऐनवेळी काका आजारी पडून त्यांच्या जागी दुसरे फादर आले, तर त्यांच्या नावाने पुन्हा. दोन साक्षीदारही वैधतेचाच भाग आहेत, पण ते कॅथलिक असायची गरज नाही. एक साक्षीदार मुलाच्या बाजूचा घ्या, बरं दिसतं.

आणि हे सगळं झुगारून नुसतं रजिस्टर किंवा वैदिक लग्न केलं तर? बहिष्कार होत नाही, ती अफवा आहे. चर्च ते लग्न धरत नाही, आणि तुम्हाला कम्युनियन घेता येत नाही. मुलांचा बाप्तिस्मा मात्र पालकांच्या संमतीने आणि ती श्रद्धेत वाढतील अशी आशा असेल तर होऊ शकतो. पुढे कधी दुरुस्त करायचं तर सूट घेऊन फादर व दोन साक्षीदारांसमोर पुन्हा संमती देतात, दहा मिनिटांचं काम. नवरा ‘माझं लग्न झालंय, पुन्हा कशाला’ म्हणून उभाच राहिला नाही, तर बिशप ते लग्न मुळातून वैध करू शकतात, त्याच्या नव्या संमतीविना, पहिली संमती टिकून असेल तर. म्हणून घरात कुणी ‘आता कायमचं दार बंद’ म्हणत असेल तर ते खरं नाही. पण आधी मोडून मग दुरुस्त करू, अशी योजना आखू नका.

तारखेचं बघा. पंचांगात फेब्रुवारीचे मुहूर्त काढण्याआधी त्या वर्षीचा राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) कधी आहे ते पाहा. तो ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येतो. उपवासकाळात लग्नाला सार्वत्रिक कायद्याची बंदी नाही (गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार सोडून), पण आपल्याकडे बहुतेक धर्मग्रामांत त्या काळात लग्नं लावत नाहीत. आधी चर्चची तारीख, मग हॉलची इसार.

कागद: तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला नवा हवा, सहसा सहा महिन्यांच्या आतला. घरच्या कपाटातला, पहिल्या कम्युनियनच्या वेळचा चालत नाही. कारण लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदवहीत तुमच्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात करतात. ताज्या दाखल्यावर तो रकाना कोरा असणं हाच तुम्ही अविवाहित असल्याचा पुरावा. त्याच दाखल्यावर दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तारीख आहे ना पाहा. ते राहिलं असेल तर आता सांगा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात किंवा आखातात काही काळ राहिला असाल तर तिथल्या पॅरिशचं पत्र मागतील. मुलाचा जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि त्याला बरीच वर्षं ओळखणारी दोन माणसं. विवाहपूर्व शिबिर दोघांना करावं लागतं. पुण्यात नोकरी करणाऱ्याला सुट्टी काढावी लागेल आणि लग्नसराईत जागा भरतात, म्हणून हे पहिलं उरका. लग्न ठरलेल्यांची नावं बहुतेक ठिकाणी चर्चमध्ये तीन रविवार पुकारतात. हे सगळं हिशेबात धरून चार महिने आधी ऑफिसची पायरी चढा, सहा असतील तर उत्तम.

बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल (पुष्कळ मुलींचा आजोळी होतो) तर दाखला तिथूनच आणायचा, राहत्या पॅरिशमधून मिळणार नाही. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी तिथेच फोन करून विचारा, तुमच्या नावापुढच्या रकान्यात लग्नाची नोंद पोचली का. पुष्कळदा ती पोचलेली नसते.